फळ्यावरचं नाव

२३ जानेवारी १९९७, गुरुवार

रंभाबाई जाऊन सहा दिवस झाले आणि फळ्यावर तिचं नाव अजून तसंच! माझ्याच अक्षरात. कोणी पुसलंच नाही.

आम्ही बाराजण होतो, आता अकरा. सगळ्यांचं हृदय अशक्त, सगळ्यांच्या अंगात पाणी साचतं. हितेश डॉक्टरांना एकेकाला बघायला वेळ कुठला! म्हणून दर गुरुवारी लिंबायतच्या दवाखान्यात सगळ्यांना एकदमच बसवतात. आधी वजन, मग पाय दाबून सूज बघायची, मग बोलणं — पापड कोणी खाल्ला, जिना चढताना धाप कोणाला लागली. सगळं सगळ्यांसमोर. वजन एकदम वाढलं की समजायचं, पाणी साचलं.

फळा ही माझी कल्पना. चौतीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत पोरं हाकली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ज्याचं वजन वाढलं नाही त्याचं नाव फळ्यावर, आणि वर टाळ्या. डॉक्टर खूश — "माश्तर, तमे तो कमाल करी!"

आज ओल्या फडक्यानं मीच पुसलं. फळा वाळला तशी अक्षरं परत दिसायला लागली. पुन्हा पुसलं. पुन्हा दिसली.

२४ जानेवारी

तीन महिन्यांत रंभाबाईचं नाव एकदाही लागलं नव्हतं. जन्मात शाळा पाहिली नाही बाईनं. दर गुरुवारी फळ्यापाशी यायची. "गुरुजी, मन्हं नाव कथं शे?" वाचता येत नव्हतं, म्हणून विचारायची. मी म्हणायचो, पुढच्या खेपेला.

सोळा तारखेला दीड किलो कमी भरली! तेही संक्रांतीच्या आठवड्यात! नाव लिहिलं. फळ्याला बोट लावायला गेली आणि हात मागे घेतला, पुसलं जाईल म्हणून. "हाईच का मन्हं?" म्हणाली. दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत पडली ती उठलीच नाही.

२६ जानेवारी, रविवार

काशीराम आला होता. तिचा नवरा. नवागामला कापडाच्या लूमवर असतो. "जय भीम, गुरुजी" म्हणून दारातच उभा. आत ये म्हटलं, तर खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली. पाण्याच्या गोळ्या — लघवी जास्त होऊन साचलेलं पाणी उतरतं त्यानं. रोज एक घ्यायची. पंधरा उरायला हव्या होत्या. चारच उरल्यात.

"इतल्या गोळ्या कथं गयात, गुरुजी?"

बघतो म्हणालो. काय बघतो? मला सगळं समजलं होतं. तीन-तीन घेतल्या असणार, आणि पाणी पिणंही सोडलं असणार. अंगातलं पाणी गेलं, क्षार गेले, वजन उतरलं, आणि हृदय थांबलं. फळ्यावर नाव यावं म्हणून! काशीरामनं चहाला हात लावला नाही.

२८ जानेवारी

सून निशानं विचारलं, बाबा, चष्मा कुठे आहे? मला ऐकू आलं — कथं शे? कप हातातून सुटला. खाई त्याला खवखवे.

३० जानेवारी, गुरुवार

छगनभाई दोन किलो कमी! जीभ कोरडी, बोलताना ओठाला ओठ चिकटत होते. तरी हसतायत. "माश्तर, पहेलुं नाम मारुं!"

खडू हातात घेतला. आत्ता बोलावं, आत्ता. सगळे वाट बघत होते. लिहिलं. का लिहिलं मी! टाळ्या झाल्या. जिना उतरताना छगनभाई भिंत धरून उतरले. त्यांच्या मागून मला दुसऱ्या कोणाच्या तरी चपला वाजल्यासारख्या वाटल्या. वळून बघायची हिंमत झाली नाही.

डॉक्टर काय म्हणतील? काशीराम काय म्हणेल? म्हाताऱ्या, तूच मारलंस तिला!

२ फेब्रुवारी

पर्वत पाटियाला छगनभाईंच्या दारापर्यंत जाऊन आलो. बेल दाबली नाही. आतून खोकला ऐकू आला. जिवंत आहेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं! काशीरामला बोलावून घेतलं होतं. दवाखान्यात त्याच्यासमोर, सगळ्यांसमोर उभा राहिलो — रंभाबाई जास्तीच्या गोळ्या घेत होती, फळ्यावर नाव यावं म्हणून. अजून कोण घेतं?

मग छगनभाईंनी हात वर केला. "रंभाबेने कीधुं'तुं," म्हणाले — युक्ती तिनं सांगितली होती म्हणे. मागून आणखी दोन हात वर आले. डॉक्टर ताडकन उठले. तिघांचं रक्त तिथल्या तिथे घेतलं. छगनभाईंना भरती केलं. फळा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

काशीराम रडला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही सांगं, बरं व्हयनं, गुरुजी. तिनाच येडापना." डॉक्टर म्हणाले, माश्तर, तुम्ही आज छगनभाईंना वाचवलंत. घरी येऊन तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

७ फेब्रुवारी

गोळ्यांची युक्ती तिची नव्हती. माझी होती. दिवाळीपासून मी तेच करतोय — बुधवारी दोन जास्त, गुरुवारी वजन होईपर्यंत पाणी नाही. तिला मीच सांगितली. किती दिवस घ्यायच्या हे तिनं विचारलं नाही, मीही बोललो नाही.

काल हे सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.