मिलानला उतरणार होता फैसल

दोहा,
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुगरा,

अस्सलामु अलैकुम. मी बरा आहे. अम्मीच्या गुडघ्यांचं कसं आहे? जन्नतला म्हणावं, गणिताच्या पेपरची भीती बाळगू नकोस. आमच्या खोलीतला काशिफ उद्या सुट्टीवर येतोय, हे पत्र तो तुझ्याच हातात देईल. "फोन असताना पत्र कशाला?" असं त्याने विचारलं. फोनवर मला जमलं नसतं. गुरुवारी जमलं नाहीच.

आमचा युरोपचा बेत खलास झाला. तुला मी गाड्यांची नावं सांगून सांगून वैताग आणला होता. पॅरिसला उतरायचं, तिथून रेल्वेने झुरिक, मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना, शेवटी बुडापेस्ट आणि परत दोहा. सात महिने दर शुक्रवारी नमाजानंतर बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत, आमच्या खोलीत तुझा भाऊ आणि मी खाटेवर नकाशा पसरून बसायचो. झुरिक आणि मिलानच्या मध्ये सत्तावन्न किलोमीटरचा बोगदा आहे. अब्बांनी कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या बोगद्यात सुरुंग लावले होते, म्हणून मला तो एकदा बघायचा होता. फैसल हसून म्हणायचा, "मजीदभाई, काळोख बघायला एवढ्या लांब?" पण व्हिसाच्या अर्जाला दिवसवार कार्यक्रम लागतो, तो सगळा माझ्याकडून त्याने नीट लिहून घेतला.

फैसलला लागलंय हे मी तुला सांगितलं. जॅक निसटला, पाना उडून तोंडावर बसला, असंही सांगितलं. सुगरा, जॅक निसटला नव्हता.

गुरुवारी दुपारी दोघांचे पासपोर्ट व्हिसा लागून आले. गॅरेजमध्ये मी बसचं मागचं चाक काढत होतो. मी म्हटलं, "यल्ला, आता तिकिटं काढू." तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझं मिलानपर्यंतच काढ. तिथे आपल्या गावचे दोघं आहेत, मी त्यांच्याकडे राहणार. परत येत नाही. पुढचं तू एकटा फिर."

मी म्हटलं, "तू परत येशील म्हणून कंपनीत जामीन राहून मी सही केलीय. आणि सात महिने माझ्याशी नाटक करत होतास?"

"सुगराला माहीत आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, खोटं बोलतोय. विचारलं, "मग ती मला का बोलली नाही?"

"तुझ्या हाताला घाबरते ती. एका कानाने ऐकू येत नाही तिला. त्या दिवशी मी तुमच्या घरी आलो तेव्हा कानातलं रक्त पुसायला तिने जन्नतचं फडकं घेतलं होतं. सगळ्यांना सांगितलं, पायरीवरून पडले."

हे तो हळू आवाजात म्हणाला. आजूबाजूला कुणाला ऐकू गेलं नसेल. माझ्या हातात चाकाचा पाना होता. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. तो ओरडला, "भाई, बस!" त्याने हात वर केले. मी दुसरा मारला तो त्या हातांच्या मधून. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि तरी तिसऱ्यांदा पाना उचलला. गॅरेजमधल्या नेपाळी पोराने मागून कंबरेला मिठी मारली म्हणून तो खाली आला नाही. फैसल जमिनीवर सांडलेल्या ग्रीसमध्ये गुडघ्यांवर बसला होता, तोंड धरून. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत वाहत होतं. तो तुझंच नाव घेत होता.

डावा डोळा गेला. गालाचं हाड जोडायला प्लेट घातलीय. काल भेटायला गेलो. त्याने पोलिसांनाही जॅकचंच सांगितलंय. नेपाळी पोरगा घाबरून गप्प आहे. फैसल म्हणाला, "तू आत गेलास तर बहिणीच्या घरात काय शिजेल? गप्प राहा." मी त्याच्या पायाला हात लावला. त्याने पाय ओढून घेतला.

रागाने मारलं, सहीसाठी मारलं, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. तो खरं बोलला म्हणून मारलं. तुझ्या कानाबद्दल चार वर्षांत मी एकदाही तोंड उघडलं नाही. फोनवर तू "पुन्हा बोला" म्हणायचीस, मी नेटवर्कला शिव्या द्यायचो. तू पायरीवरून पडली नव्हतीस. मी मारलं होतं, जन्नत दारात उभी असताना, भाताला उशीर झाला म्हणून.

हे पत्र काशिफला दिलं की मी इंडस्ट्रियल एरियाच्या पोलीस ठाण्यात जाणार आहे. फैसलला सांगितलेलं नाही, नाहीतर तो अडवेल. काय होईल ते होईल. तू अम्मीच्या घरी राहायचं की जन्नतला घेऊन माहेरी जायचं, ते तू ठरव. तुला कुणी अडवू नये म्हणून अम्मीसाठी वेगळी चिठ्ठी दिलीय, त्यात सगळं लिहिलंय. मला माफ कर असं लिहायला पेन उचलवत नाही. फैसलला फोन कर. सध्या एका डोळ्यावर पट्टी आहे, पण बोलता येतं त्याला.

जन्नतला खरं सांग.

तू ज्याला घाबरत होतीस, तो
मजीद