दार निळं होतं

९ मार्च (अंदाजाने)

सासूबाईंनी आज माझ्या कमरेचा उद्धार केला, तोही कामाच्या अख्ख्या पाळीसमोर! म्हणे, ही कपारीत मावत असती तर मला या वयात दगडात शिरावं लागलं नसतं. सगळे हसले. मीही. खोटं काय आहे त्यात? कपार जेमतेम हातभर रुंद. त्या काटकुळ्या, सरळ आत शिरतात आणि चमकणारे खडे खरवडून टोपलीत भरतात. मी तोंडाशी त्यांचा दोर धरून बसते.

पाटीवर २९१. तीनशे फेऱ्या झाल्या की जोडी सुटते. नऊच राहिल्या!

ही वही खाण्याच्या पाकिटांमधल्या कागदांची, मीच शिवलेली. शिंपीण असल्याचा एवढा तरी उपयोग.

१० मार्च

नवीन जोडी आली – गवंडी आणि त्याची बहीण. या खाणीच्या मालकांच्या गाडीने त्यांनाही आमच्यासारखंच घरातून उचललं. डोळे उघडले ते या तांबड्या आकाशाखाली. बिचारी दोघं हात धरूनच बसली होती. समजावायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे.

सांगितलं – इथे दरड कोसळून माणसं कमीच मरतात. मारते ती भूल. खड्यांतून काहीतरी निघतं, त्याला वास नाही, रंग नाही. भूल पडलेला माणूस ओरडत नाही, कोसळत नाही. गोड बोलायला लागतो. काहीही विचारा, हो म्हणतो. मग कमरेचा दोर सोडतो आणि आत आत चालत जातो. आमच्या पहिल्या महिन्यात सात जण असे हो-हो करत गेले. म्हणून प्रत्येक जोडीने एक भांडण बाळगायचं. बाहेरच्याने ते मधूनमधून उकरून काढायचं. आतला भांडला तर ठीक. कबूल झाला, की दोर ओढायचा!

ओढला की माणूस वाचतो, पण जोडीची पाटी पुसली जाते. पुन्हा एकपासून.

गवंडी म्हणाला, आम्ही कधी भांडलोच नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, उद्यापर्यंत शोधा.

११ मार्च

गवंड्याला भांडण सापडलं – आईचा आरसा कोणी फोडला. बहीण अशी तावातावाने बोलत होती की माझा जीव भांड्यात पडला.

१३ मार्च

आमचं भांडण दाराचं. आम्हाला उचललं त्याच्या आदल्या आठवड्यात नवऱ्याने घराचं दार स्वतः रंगवलं होतं. उचललं त्या दिवशी तो परगावी होता, म्हणून वाचला. दार निळं होतं. सासूबाई म्हणतात हिरवं. माझ्या मुलाने रंगवलेलं दार मला कळत नाही का, वगैरे. अहो, रंगाचा डबा मी आणला होता!

सुटलो की त्याला दारासमोर उभं करून विचारायचं आहे. कधी कधी वाटतं, तेवढ्यासाठीच जगते आहे.

१५ मार्च

न्हावी आणि त्याचा मेहुणा सुटले! मोजणाऱ्याने पाटीवर तीनशेवी खूण केली आणि घरी नेणारं पांढरं दार उघडलं. (मालकांपैकी आम्हाला दिसतो तो हा मोजणारा एकटाच. मान नाही, आणि डोळे कुठे आहेत ते दीड वर्षात कळलेलं नाही.) न्हाव्याचा डावा बूट आज सकाळीच मी शिवून दिला होता, शालीचा जांभळा धागा उसवून. फाटक्या बुटाने घरी कसं जाऊ म्हणत होता. जाताना दोघांचं हरवलेल्या सायकलवरून चालूच होतं – कोणी बाहेर ठेवली, कुलूप कोणी लावलं नाही. तुमच्या नवऱ्याला निरोप देतो म्हणाला. मला रडू आवरेना. सासूबाई म्हणाल्या, रडू नकोस, पाणी वाया जातं.

१८ मार्च

सासूबाईंनी त्यांचं अर्धं पाणी मला दिलं. गढूळ आहे, मला नको, म्हणाल्या. मुळीच गढूळ नव्हतं.

मग त्यांचे केस विंचरले. धूळच धूळ निघाली, राखाडी. आम्ही सगळे काम करतो तिथे राखाडीच असते. गवंडी तळाच्या थराचं विचारत होता. तिथली धूळ पिवळी, वर येणाऱ्या टोपल्यांना लागलेली दिसते. तिथे कोण काम करतं हे कोणालाच माहीत नाही. आपल्यातलं तर कोणी जात नाही. मालकांची यंत्रं असतील.

२१ मार्च

२९८. हिरवं. निळं. हिरवं. निळं. घसा बसला.

२३ मार्च

२९९!

आज नुसती त्यांच्याकडे बघत बसले. लग्न झालं तेव्हा या बाईची केवढी धास्ती होती मला. आता त्या शेजारी नसतील तर मला घास उतरणार नाही. फार जीव जडला आहे. पण तोंडावर सांगायची सोय नाही – मलाच भूल पडली समजतील!

२४ मार्च

पाटी कोरी.

शेवटची फेरी होती. टोपली भरत आली असेल असा अंदाज धरून मी हाक मारली, आई, दार कोणतं? पुन्हा विचारलं. मग आतून आवाज आला, अगदी मऊ – "निळंच होतं गं. तूच खरी."

मी दोर ओढला. विचार केलाच नाही, अंगात होती नव्हती ती ताकद लावून ओढला. त्या आपटत, खरचटत बाहेर आल्या. शुद्धीत! माझ्यापेक्षा जास्त शुद्धीत. मागे मोजणारा पाटी पुसत होता.

"अगं, टोपली भरून परत निघाले होते मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं शेवटचं आहे, एकदा तरी पोरीला खरं म्हणावं. तुझ्या लग्नापासून बारा वर्षं राहून गेलं होतं."

मी त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. या वेळी पाण्याचं काही बोलल्या नाहीत.

२६ मार्च

त्यांचे दोन्ही गुडघे सोलले आहेत. मी क्षणभर थांबले असते तर आज आम्ही घरी असतो. त्या म्हणतात चूक त्यांची. मी म्हणते माझी. यावरूनही कडाक्याचं भांडलो. मग पहिली फेरी करून आलो, पाटीवर १.

२ एप्रिल

फाटके बूट आज बदलून मिळाले. माझ्या वाट्याला आलेल्या डाव्या बुटावर जांभळा टाका आहे. माझाच. शिवणीत पिवळी धूळ बसली आहे.

पांढरं दार घरी जात नाही. तळाला जातं.

सासूबाईंना बूट दाखवला. बराच वेळ टाक्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "टाका मात्र छान घातलायस."

मी घाईने विचारलं – आई, दार कोणतं?

"हिरवं."

गवंड्याच्या कानावर घातलं आहे, तो पुढच्या जोड्यांना सांगेल. आणि आमचं ठरलं – पाटी तीनशेवर जायच्या आत, दर वेळी, एकीने दुसरीशी गोड बोलायचं आणि मी दोर ओढायचा, म्हणजे पाटी पुन्हा कोरी. आधी कोणी, यावरून भांडतोय.