पौर्णिमाबद्दलच्या चार ओळी

२८ जुलै, सोमवार
हजेरी एकतीस. धानाची रोवणी जोरात आहे, आया सातलाच पोरं अंगणवाडीत सोडून शेतात, बांधीवर गेल्या. टोल्यावरची, म्हणजे कालव्यापलीकडच्या वस्तीतली, अकरा पोरं पौर्णिमासोबत आली, कालव्याच्या पाळीवरून, एकमेकांचा सदरा धरून, गाणं म्हणत. गाणं मी शिकवलेलं. म्हणतात मात्र असं की जणू तिनंच शिकवलं.

तिला मदतनीस म्हणून आठ महिने झाले. मी सेविका, एकोणीस वर्षं. हा हिशेब आज तिसऱ्यांदा मनात केला.

आज आकार ओळख. गोल, चौकोन, त्रिकोण. पुठ्ठ्याचे आकार मी स्वतः कापलेत, कडांना रंगीत पट्टी लावून. अर्ध्या तासात माझ्यासमोर नऊ पोरं उरली. बाकीची स्वयंपाकाच्या खोलीत पौर्णिमाभोवती. ती मटकी निवडत होती, पोरांना दोन ढीग करायला लावत होती, खडे इकडे, दाणे तिकडे. मी हाक मारली तर विकी म्हणतो, "ताई, आमी काम करून राहिलो."
काम म्हणे.

३० जुलै, बुध.
पौर्णिमाला सांगितलं, पोरांनी स्वयंपाकाच्या खोलीत यायचं नाही. शेगडी असते, चटका बसला तर जबाबदार मी. नियमच आहे.
"हाव ताई, बरोबर आहे," म्हणाली आणि दार लावून घेतलं.
तिनं वाद घातला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

दार लागल्यावर ओवी दाराला पाठ टेकून खाली बसली. ओवी साडेचार वर्षांची, टोल्यावरची. वर्ष झालं येते आहे आणि वर्गात एक शब्द बोललेली नाही. घरी तोंड बंद होत नाही, असं तिची आई सांगते. मी काय नाही केलं? बाहुली आणली, आरसा आणला, तिच्यासाठी भोपळ्याचं गाणं रचलं. एकदा, फक्त एकदा तिनं मला ताई म्हणावं. आता मनात येतं, पाळीवरून येताना ती पौर्णिमाशी बोलत असणार. विचारायची हिंमत होत नाही. हो म्हणाली तर?

४ ऑगस्ट, सोम.
सुपरवायझर मॅडम आल्या. रजिस्टर पाहिलं, वजनं पाहिली. जाता जाता पिशवीतून एक फॉर्म काढला.
टोल्यावरची अंगणवाडी सेविका नाही म्हणून कधीची बंद आहे. पौर्णिमाचं शिक्षण त्या जागेला बसतं. "तुमच्या हाताखाली काम केलंय, तर तुम्हीच चार ओळी लिहून द्या. सव्वीसला येते, तेव्हा नेईन."
मी "हो मॅडम" म्हणाले. पौर्णिमा तेव्हा बाहेर पोरांचे हात धूत होती. तिला माहीत आहे की नाही, कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत डोक्यात एकच. चांगलं लिहिलं तर ती जाईल. हेच तर मला हवं आहे. पण टोल्यावरची अकरा पोरं तिच्यासोबत जातील, ओवीसकट. वाईट लिहिलं तर पोरं राहतील आणि तीही राहील, रोज डोळ्यांसमोर, रोज गोड हसत.

५ ऑगस्ट, मंगळ.
यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "मंग अडचन काय? पोट्टी चांगली आहे, चांगली म्हनून लिहून दे."
"आणि पोरं?"
"तुले पोट्टे पायजेत का पौर्णिमा नको, ते एक ठरव ना."
असं बोलून वर भाजी मागितली. नवरा बरोबर बोलतो तेव्हा जास्त राग येतो. भाजी नाही वाढली, घ्या म्हटलं हातानं.

८ ऑगस्ट, शुक्र.
राख्या केल्या. कापूस, लोकर, वर एक टिकली. आमच्याकडे वर्गात सगळे सगळ्यांना बांधतात. पौर्णिमाचा हात कोपरापर्यंत भरला. माझ्या हातावर सात. मोजल्या, हो.
ओवीनं पौर्णिमाला बांधली. मग पौर्णिमानं तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि ती माझ्याकडे आली, दोरा गुंडाळला, मान खाली घालून परत गेली. पाठवली म्हणून आली. अशी राखी घरी येईपर्यंत हातावर ठेवली, मग काढून डब्यात टाकली. टाकली आणि रडले. पन्नाशीला आलेली बाई मी.

१३ ऑगस्ट, बुध.
पौर्णिमा आज पाऊण तास उशिरा. खरं सांगते, आनंद झाला. फॉर्मसाठी ओळ मिळाली, "वेळेचे भान कमी."
आली ती चिखलानं माखलेली. एका पोराला पाळीवरच उलटी झाली, त्याला कडेवर घेऊन बांधीपर्यंत गेली, आईच्या ताब्यात देऊन, बाकीच्यांना घेऊन मग इकडे. माझी ओळ गेली.

घरी कच्च्या कागदावर "काम समाधानकारक" असं लिहून पाहिलं. छान शब्द आहे. त्यात वाईट काही नाही आणि चांगलंही काही नाही. मॅडमना अर्थ कळेल, पौर्णिमाला कळणार नाही. कागद फाडला.

१८ ऑगस्ट, सोम.
पोळा शुक्रवारी, शनिवारी तान्हा पोळा. पोरं आपापले बैल घेऊन दारोदार फिरतील. अंगणवाडीचा पोळा आम्ही गुरुवारी करू.
दरवर्षी तलावाची माती आणून बैल मी करते, पोरं फक्त रंगवतात. माझे बैल गावात प्रसिद्ध आहेत. वशिंड, वळलेली शिंगं, सगळं जिथल्या तिथे. काही घरांत फडताळावर अजून ठेवलेत.
पौर्णिमा म्हणाली, "ताई, यंदा पोट्टे सोताच बनवतीन का?"
प्रशिक्षणात हेच तर सांगतात, मुलांचं मुलांना करू द्या. मीच दुसऱ्यांना सांगत आले. नाही म्हणायला तोंडच उरलं नाही.

२० ऑगस्ट, बुध.
बैल झाले. देवा. एकाला शिंगं नाहीत, एकाला शेपूट पुढे. विकीच्या बैलाला पाच पाय, पाचवा कशाला तर "दमला तं टेकाले." ओवीचा म्हणजे एक गोळा, चार बोटं खुपसून केलेले पाय, आणि पाठीवर अंगठ्यानं दाबलेला खड्डा. मी विचारलं, हे काय गं? गप्प.
पौर्णिमा म्हणाली, "बसाची जागा आहे ते, नाई का ओवी?" ओवीनं मान हलवली.
मला का नाही सुचलं ते?

पाच वाजता.
पोरं गेली, पौर्णिमाही गेली. ओल्या फडक्याखाली एकतीस बैल. उद्या आया पाहायला येणार. हसतील, म्हणतील यंदा ताईंनी लक्ष नाही दिलं. म्हणून एकाचं शिंग सरळ केलं, एवढंच. मग दुसऱ्याचं वशिंड. मग हात थांबेना. पाचवा पाय काढला. खड्डा बुजवला, वरून बोट फिरवून गुळगुळीत केला. सगळे नीट झाले. ओळीत मांडले. फार सुंदर दिसतात.
पोरांसाठी केलं, असं लिहिणार होते. नाही. पोरांनी केलेले बैल पाहून लोकांनी पौर्णिमाचं कौतुक करू नये म्हणून केलं.

२१ ऑगस्ट, गुरु.
आया आल्या, "वाहवा, ताईचे बैल ते ताईचेच" म्हणाल्या. दोन मिनिटं मी हवेत.
मग पोरं आपापला बैल शोधायला लागली. विकी एकेक बैल उलटा करून पाय मोजतोय. "माह्या बैलाले पाच होते." एक रडायला लागलं, त्याचं पाहून दुसरं, मग सगळा वर्ग. आयांना कळेना, एवढे छान बैल आणि रडता कायले?

ओवी रडली नाही. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालत गेली. मग माझ्यापुढे येऊन पदर ओढला.
"ताई, माह्या बैलाची बसाची जागा कुठी गेली?"
एवढं लांब वाक्य. मोठ्यानं, स्पष्ट. ताई म्हणाली.
तिच्या आईनं तोंडावर हात ठेवला, "बोलली वो माय." सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी म्हणालं, ताईनं वर्षभर मेहनत घेतली ना. मी नुसती उभी. ओवी उत्तराची वाट पाहत पदर धरून होती.
तेवढ्यात पौर्णिमा म्हणाली, "ओली माती रातभर खाली बसते ना, म्हनून असं होते. चला, आपन जागा परत करू." परातीत पाणी घेऊन बसली. पोरं तिच्याभोवती.
तिला कळलं होतं. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

२३ ऑगस्ट, शनि. तान्हा पोळा.
दारात पोरं आली, बोजारा मागायला. प्रत्येकाला चॉकलेट आणि नाणं दिलं. लाकडी बैल होते, चाकांचे होते, विकीचा मातीचा होता. पाच पाय, आता आणखी जाड. माझ्या हातचा एकही नाही.
पौर्णिमानं मला वाचवलं, याचा राग तिच्या सगळ्या गुणांपेक्षा जास्त येतोय. चार जणींत तोंडावर बोलली असती तर फॉर्मवर तेव्हाच वाईट लिहून मोकळी झाले असते.

२५ ऑगस्ट, सोम.
पोरं झोपवल्यावर तिला विचारलं. खिचडीचं पातेलं घासत होती.
"तुला कळलं होतं ना?"
"हाव."
"मग काहून नाही बोललीस?"
राख घेऊन घासत राहिली. मग म्हणाली, "ओवी तुमच्याशी बोलली ना, ताई. माह्याशी अजून एक शब्द नाई बोलली. पाळीवर रोज हात धरून आनतो तिले, आठ महिने झाले. मी वाट पाहून राहिली की कधीतरी बोलंल. अन् बोलली तं तुमच्याशी." पातेलं पालथं घातलं. "मले त्या दिवशी लय वाईट वाटलं. तुमी चिडू नका."

मी काय चिडणार? पदर तोंडाला लावून वर्गात येऊन बसले. इतके दिवस मला वाटत होतं, जळणारी या खोलीत मी एकटीच.

आता फॉर्म समोर आहे. पहिली ओळ लिहिली, पोरांची काळजी घेते. दुसरी, पोरांना काम देते आणि पोरांनाही ते काम वाटतं. तिसरी, माझ्याकडून चूक झाली तेव्हा तिनं पोरांना सांभाळलं आणि मलाही. मॅडम विचारतील कोणती चूक, विचारू देत. तीन ओळी शाईनं लिहिल्यात.
चौथी कोणती ते माहीत आहे. टोल्यावरची जागा हिलाच द्यावी. इथे वहीत लिहिताना हात थांबला नाही. फॉर्मवर थांबतो. आज ओवीनं मला दोनदा हाक मारली, एकदा पाण्यासाठी आणि एकदा उगाच.
मॅडम उद्या दहाला येतील.