आधी मासा

९ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा तिच्या मर्जीप्रमाणे दुखतो, म्हणजे पाहुणे येणार असले की जास्त. तुझं वखारीतलं काम कसं चाललंय? वेळेवर जेवतोस ना?

बातमी ही, की काल मी कुपा मासा धरला. नव्वद किलोचा. हसू नकोस, चौघांनी उचलून काट्यावर ठेवला. आई शेजारी उभी राहिली तर तिच्यापेक्षा वीतभर लांब भरला. धक्क्यावरचा बर्फवाला म्हणाला, "पदवी ह्याच विषयात घेतलीस का गं?"

किनारा दिसेनासा झाल्यावर बाबांनी होडी संथ केली आणि मी मागे दोन आमिषं सोडली. तासभर काही नाही. मग गळाचा दांडा कमानीसारखा वाकला, रीळ भणाणत सुटलं. बाबा सुकाणू धरून ओरडले, "पळू दे! त्याच्यासारखा रिळाचा ब्रेक आवळू नकोस!"

त्याच्यासारखा म्हणजे तुझ्यासारखा.

दादा, तुला सगळं माहीत आहे, पण मी ते कधी तोंडानं म्हटलं नाही. गेल्या वर्षी दुसरा दोर गुंडाळायला जाताना तू दांडा माझ्या हाती दिलास. मासा पळाला आणि मी ब्रेक आवळला. ताणाची गणितं सोडवली होती ना, वाटलं कळतं आपल्याला. दोर तुटला. तू दांडा माझ्याकडून घेतलास आणि नेमके तेव्हा बाबा वळले. "ज्याला सोडता येत नाही त्यानं माझ्या होडीवर येऊ नये," म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि गप्प बसलास. आठवड्यावर माझी शेवटची परीक्षा होती, घरात रण माजलं असतं तर ती बुडाली असती. मीही गप्प बसले, तू होडी सोडून वखारीत कामाला गेलास तेव्हाही. सत्यावर भाषणं करून बक्षिसं मिळवणारी मी.

काल दोर सुटत असतानाच मी म्हटलं, "बाबा, तेव्हा दादानं नाही, मी आवळला होता."

मला वाटलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. गेलं होतं. "आधी मासा," ते म्हणाले. "मग तू."

दोन तास लागले. तो पळायचा, मी सोडायची. तो थकायचा, मी हातभर ओढायची. दांडा टेकवायच्या कमरपट्ट्याचा वळ अजून आहे. शेवटी बाबांनी माशाला लोखंडी आकडी घातली आणि दोघांनी मिळून त्याला आत घेतलं. निळ्या पोलादासारखी पाठ. मी मोठ्यानं हसत होते, की रडत होते, कोण जाणे.

मग बाबा माझ्यासमोर बसले. "तेव्हाच का नाही बोललीस?"

"पदवी मिळायची होती."

"खरं बोलणाऱ्याला नापास करतात?"

एवढं म्हणून ते उठले आणि होडी किनाऱ्याकडे वळवली. धक्क्यावर मात्र जो भेटेल त्याला सांगत होते, "पोरीनं एकटीनं ओढला. हिला ते भावानं शिकवलंय."

आत्ता ते माझ्या मागे उभे आहेत. स्वतः लिहायला तयार नाहीत, म्हणाले, "मी सांगतो तेच लिही, तुझं शहाणपण घालू नकोस." म्हणून त्यांचेच शब्द: "मी विचारलं नाही, ठरवून टाकलं. होडी तुझीही आहे. ये."

तुझ्या गप्प राहण्यानं पदवीधर झालेली,
तुझी बहीण