निळ्या सुरईच्या चित्राची पितळी पट्टी

मी, श्रीमती सरोजिनी मनोहर खांबेटे, वय ७९, राहणार टॅम्पिनीस, सिंगापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा घेऊन आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न चिरंजीव अनिमेष याने केला, तो वाया गेला. यापूर्वीचे, म्हणजे ज्यात चित्र त्याला दिले होते ते, मृत्युपत्र मी रद्द करते.

१. पुण्याचा फ्लॅट व ठेवी अनिमेषच्या. तो एकुलता एक, त्यामुळे भांडणाची सोय नाही.

२. पुरणयंत्र धाकटी जाऊ प्रणिता हिला. ते २००३ पासून तिच्याकडेच आहे. त्यावर माझे नाव कोरलेले आहे, ते तिने दर होळीला वाचावे.

३. हॉलमधले निळ्या सुरईचे चित्र वारसांपैकी कोणालाही नाही, कारण ते आमचे नाही. सासरे बर्लिनला शिकत असताना त्यांनी ते एका लिलावात घेतले. ज्या ज्यू घरातून नाझींनी १९३८ मध्ये ते उचलून नेऊन लिलावात काढले, त्या घरातली तेव्हा सात वर्षांची असलेली रूथ आज चौऱ्याऐंशीची आहे व इस्रायलमध्ये हैफा येथे राहते. चित्र तिच्या आईने काढलेले. आई छळछावणीतून परतली नाही. माझी नात ऋचा हिने दिवाळीचा फोटो इंटरनेटवर टाकला, त्यात माझ्या मागे ते चित्र दिसले आणि वर्षभरात रूथच्या वकिलाची नोटीस आली.

अनिमेष म्हणाला, "आई, आजोबांनी चोरलं नाही, विकत घेतलंय." तेही खरे. दोन वर्षे मीही त्याच्याच बाजूने होते, हे लिहिताना लाज वाटते. चित्रावर माझा फार जीव आहे. आमच्याकडचे चित्र त्याच लिलावातले असल्याचा पुरावा रूथकडे नव्हता, म्हणून आमचा वकील निर्धास्त होता.

पुरावा आमच्याच भिंतीवर होता. नाव घातल्याशिवाय सासूबाई चमचासुद्धा फडताळात ठेवत नसत. भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडून त्यांनी चौकटीसाठी पितळी पट्टी कोरून घेतली होती: "ना. ग. खांबेटे, बर्लिन लिलाव, डिसेंबर १९३८". वकील म्हणाला, पट्टी काढून ठेवा. सिंगापुरात वाढलेली ऋचा तिथल्याच बोलीत म्हणाली, "आजी, चित्राच्या कोपऱ्यात रूथच्या आईचं नाव आहे. डब्यावर ज्याचं नाव, त्याला परत द्यायचा, यू ऑल्वेज से लाह!"

कार्टीने माझेच दात माझ्याच घशात घातले. त्याच दुपारी पट्टीचा फोटो मी रूथला पाठवला. अनिमेष चार दिवस बाहेरच जेवला. पाचव्या दिवशी थालीपीठ केले, मग घरी जेवला.

४. चित्र पोचण्याआधी मी गेले, तर अनिमेषने ते स्वतः हैफाला न्यावे. कुरियर नको. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून सोबत बेसनाचे लाडू न्यावेत. तुपात काटकसर करू नये.

५. पट्टी काढू नये. सासऱ्यांच्या नावाखाली "रूथ यांस परत" एवढेच कोरावे. "सप्रेम भेट" मुळीच लिहू नये. तिच्या आईचे चित्र तिला भेट देणारे आम्ही कोण?

सही: सरोजिनी मनोहर खांबेटे

आमच्यासमोर सही केली, आणि सही करताना त्या हसत होत्या:
साक्षीदार १: मीनल शैलेंद्र दातीर
साक्षीदार २: प्रबोध वानखडे

टॅम्पिनीस, सिंगापूर
१४ ऑगस्ट २०१५