रिकाम्या खोलीचं भाडं

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला याचं खरं कारण आळस, पण मोठा मान मिळालेल्या माणसाने आळस म्हणायचं नसतं, कामाचा व्याप म्हणायचं असतं. मान असा, की आमच्या सांख्यिकी कार्यालयाने एक पुस्तक काढायचं ठरवलंय: गेल्या पन्नास वर्षांत देशातल्या घरांनी किती खर्च केला आणि सरकारने किती. ते माझ्या गळ्यात पडलंय. साहेब म्हणाले, तुमच्याइतका चिकाटीचा माणूस नाही. नंतर कळलं, बाकीचे तिघे आधीच रजा टाकून मोकळे झाले होते.

तेव्हा सध्या मी अख्ख्या देशाचा घरखर्च मांडतो. घरात मात्र मीठ संपलंय हे मला परवा चौथ्या घासाला कळलं. ही म्हणाली, एवढ्या मोठ्या देशात एक घर राहून गेलं तर चालतं का, ते साहेबांना विचारून या.

पहिल्याच प्रकरणात मी एक झोकदार वाक्य टाकलं होतं, की घरांचा खर्च वाढत गेला, यावरून राहणीमान सुधारल्याचे दिसते. टायपिंगला देणार तेवढ्यात आपली गल्ली आठवली. मी अगदी लहान होतो तेव्हा पाणी गाड्यावरून विकत यायचं, तो घरांचा खर्च. मग पाणीपुरवठ्याचा पंप बसला, बाबा त्यावर चालक म्हणून लागले, घरोघरी नळ आले, आणि तो खर्च सरकारच्या रकान्यात गेला. पुढे बाबा निवृत्त झाले, पंपही थकला, आणि गल्ली पुन्हा टँकरचं पाणी विकत घ्यायला लागली. म्हणजे ज्या वर्षी तू टँकरच्या रांगेत बादल्या घेऊन भांडत होतीस, त्या वर्षी माझ्या तक्त्यात तुझं राहणीमान सुधारलं होतं. मी ते वाक्य खोडलं. साहेबांना ते फार आवडलं होतं, त्यांनी पुन्हा घातलं.

पुस्तकात तूही आहेस. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरचं काम बाजारात विकलं जात नाही, म्हणून तिच्यावर होणारा खर्च हीच तिच्या कामाची किंमत धरतात. तू दिवसाला दहा जखमा बांध की पन्नास, देशाला तू तेवढ्याचीच. माझंही तसंच आहे, फक्त माझ्या बाबतीत त्यात देशाचं नुकसान आहे.

आणखी एक गंमत सांगतो. स्वतःच्या घरात राहणारा भाडं देत नाही, पण डोक्यावर छप्पर तर त्याला मिळतंच. म्हणून तेवढं भाडं त्याने स्वतःलाच दिलं असं समजून ते खर्चात घालतात. आम्ही त्याला मानलेलं भाडं म्हणतो. उदाहरणादाखल मी आपलंच घर घेतलं. चार खोल्या आणि मागचं अंगण मिळून महिना सहाशे निघाले. तेव्हा कोणी काही म्हणो, आमच्या हिशेबाने तू बाबांच्या घरात फुकट राहत नाहीस. निम्मं घर माझं धरलं तर माझे तीनशे तुझ्याकडे निघतात, ते मी उदार मनाने सोडले आहेत.

बाबांच्या कानांचं कसं आहे? येणं या वर्षीही जमेलसं दिसत नाही. पुस्तक झालं की बघू.

कळावे. तुझ्या ओरडण्याला अजूनही भिणारा,
धाकटा


ता. १३ जून

चि. आकड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. त्यानंतर ज्याला पहिलं इंजेक्शन दिलं, त्याची मागाहून माफी मागावी लागली.

मानलेला भाऊ ऐकला होता, मानलेली बहीण ऐकली होती. मानलेलं भाडं तुझ्याकडून कळलं. माझ्या पगाराइतकीच माझी किंमत आहे हेही कळलं, त्याचं मला काही वाटलं नाही, कारण आमच्या डॉक्टरांचंही तसंच असणार, आणि त्यांना हे सांगायला मी आता संधी शोधतेय. पण ‘फुकट राहत नाहीस’ हे मनाला लागलं.

तू गमतीत लिहिलंस हे मला कळतं. पण गंमत सुचायलाही ते आधी मनात येऊन बसलेलं असावं लागतं. गल्लीतल्या बायका गेली पंधरा वर्षं मला विचारताहेत, की लग्न नाही केलंस ते बरंच झालं, घर तुलाच मिळणार ना. त्यांना मी हसून उत्तर देते. तुला हसून उत्तर द्यायला बसले आणि तीन कागद फाडले.

म्हणून तीनशेची मनीऑर्डर वेगळी केली आहे. दर महिन्याला येईल. दुसरं असं, की दवाखान्याच्या आवारात सिस्टरांचं एक क्वार्टर रिकामं झालंय. आजवर दोनदा नको म्हटलं होतं. या वेळी अर्ज केला आणि तो मंजूर झाला. तीस तारखेच्या आत होकार द्यायचा आहे. बाबांना अजून सांगितलं नाही. ते हे घर सोडून यायचे नाहीत हे तुलाही माहीत आहे, म्हणून पुढचं लिहीत नाही.

माझाही स्वभाव काही साखरेचा नाही, हे मी जाणून आहे. आमच्याकडे पोरं औषध घेत नसली की त्यांच्या आया फक्त माझं नाव काढतात. तेव्हा राईचा पर्वत केला असं तुला म्हणायचं असेल तर म्हण, पण पर्वत झाला आहे.

बाबांचे कान आहेत तसेच. तुझी खोली ते अजून दर रविवारी झाडतात. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, पंप बंद असला तरी तेल घालत राहावं लागतं.

आशीर्वाद आहेतच, ते मी मोजून पाठवत नाही.
ताई


ता. १८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर हातापायांसकट दाखवलं. तुझी मनीऑर्डर काल आली आणि मी घेतली नाही. पोस्टमन म्हणाला, नाकारल्याचं कारण लिहा. मी लिहिलं, ‘भाडे मानलेले आहे.’ त्याने नोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पैसे तर खरे दिसतात असं म्हणाला.

ताई, तुझा मूळ घोटाळा असा झाला आहे, की ते भाडं तू मला द्यायचंच नसतं. ते तू स्वतःला देतेस आणि स्वतःकडूनच घेतेस. त्यात तुझा एक पैसा जात नाही, फक्त देशाचा खर्च वाढतो. हे एकदा नीट समजून घेतलंस की रागवायला काही जागाच उरत नाही.

इथवर लिहिलं आणि हिने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, आगीत तेल ओतून झालं असेल तर आता माफी मागा. पंधरा वर्षं खात्यात काढली, आणि माफीचा नमुना तेवढा कोणी दिला नाही, म्हणून साधं लिहितो. चुकलं. बाबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांच्या कानाशी ओरडून रोज पेपर वाचून दाखवतेस तू. त्यांच्या औषधांच्या वेळा पाळतेस तू. मी वर्षातून चार पत्रं पाठवतो, तीसुद्धा कार्यालयाच्या वेळेत लिहून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुला फुकट म्हणणारा मी कोण?

क्वार्टर घेऊ नकोस असं सांगायचा मला हक्क नाही. पण घेऊ नकोस. बाबा त्या घरात एकटे, हे मला इथून बघवणार नाही, आणि मी ते इथूनच बघणार, ही तर खरी लाज आहे.

लोभ कमी झाला असेल तर उरला आहे तेवढ्यावर,
धाकटा


ता. २५ जून

चि. धाकट्यास आणि चि. ताईस,
दोघांना मिळून एकच आशीर्वाद.

पत्र एकच आहे. ताईने स्वयंपाकघरात वाचावे आणि मग पाकिटात घालून धाकट्याला पाठवावे. तिकिटाचा खर्च कोणाच्या खात्यात घालायचा ते तुम्ही भांडून ठरवा.

काल पोस्टमन परत आलेले तीनशे घेऊन आला. ताई दवाखान्यात होती. पंपाने माझे कान नेले हे त्याला माहीत आहे, म्हणून तो दारात उभा राहून ओरडला, की भाडं परत आलंय, कारण ते मानलेलं आहे. पहिल्यांदा मला ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा मला गेलं आणि समोर टँकरसाठी उभ्या असलेल्या रांगेलाही गेलं. पलीकडचा शिंपी येऊन विचारून गेला, घर कधी विकलंत?

ताई आल्यावर विचारलं, तर तिने तुझी दोन्ही पत्रं मोठ्याने वाचून दाखवली. त्यातलं बरंचसं कळलं नाही. एवढं कळलं, की तुम्ही सहाशेची वाटणी केलीत, निम्मे तिचे, निम्मे तुझे. बाजारात तुरी न् भट भटणीला मारी. घराचा मालक खुर्चीत बसून चहा पितोय, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मी अजून आहे. भाडं मानायचंच असेल तर मला विचारून माना.

ताईचं भाडं मला रोज पोचतं. कसं, ते लिहायला बसलो तर मी रडेन आणि तुम्ही हसाल. ताई, क्वार्टर तुला मनापासून हवं असेल तर घे. मी खुर्ची उचलून तुझ्याबरोबर येईन. मी घर सोडणार नाही हे तू मला न विचारताच ठरवलंस. पंपघरात मी कित्येक वर्षं झोपलोय, मला कुठेही झोप लागते. फक्त रागाच्या भरात घेऊ नकोस. रागाच्या भरात मी एकदा पंपाचं झाकण उलटं बसवलं होतं, आख्खी गल्ली दोन दिवस कोरडी होती, आणि दोष मी पंपाला दिला.

धाकट्या, तुझ्या परीक्षेच्या वर्षी तुला अभ्यासाला म्हणून ती मागची खोली काढली. चौकट मी माझ्या हाताने बसवली, म्हणून तर दार लागत नाही. चार वर्षं तिथे कोणी झोपलेलं नाही. तुमच्या कार्यालयात विचारून मला एवढंच कळव, की रिकाम्या खोलीचं भाडं किती धरतात.

तुम्हा दोघांचा घरमालक,
बाबा


ता. १ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून साहेबांना विचारलं. ते म्हणाले, राहणारा नाही तर उपभोग नाही, उपभोग नाही तर खर्च नाही. तिथे शून्य येतं. पन्नास वर्षांचे तक्ते भरताना मी हजारो शून्यं काढली असतील, पण हे एक हाताला जड गेलं.

म्हणून तिथल्या तिथे रजा मागितली. साहेबांनी विचारलं, पुस्तकाचं काय? मी त्यांना ठणकावून सांगितलं, की पन्नास वर्षांचा खर्च आहे, महिनाभर कुठे पळून जात नाही. ठणकावून हे इथे लिहिण्यापुरतं. प्रत्यक्षात ‘शक्य झाल्यास’ असं तीनदा म्हणालो. रजा मात्र मिळाली. अकरा तारखेला ही आणि मी येतो आणि महिनाभर राहतो. या तिमाहीत देशाचा घरगुती खर्च एका खोलीने वाढेल, त्याचं श्रेय तुमचं.

ताईने क्वार्टरचं काय केलं ते कळलं नाही. तिला विचारायची भीती वाटते, म्हणून तुम्हाला विचारतो. हे पत्र तीच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार, हेही मला माहीत आहे.

खोलीची झाडलोट आता मी करीन. कळावे.
आपला भाडेकरू,
धाकटा


ता. ६ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वाचून दाखवलं. ‘भीती वाटते’ हे बाबांनी मला दोनदा वाचायला लावलं, नीट ऐकू आलं नाही म्हणून.

क्वार्टर बघून आले. पंखा आहे, नळाला पाणी आहे, खिडकी थेट वॉर्डात उघडते आणि भांडायला कोणी नाही. मी पाच मिनिटं त्या कोऱ्या भिंतींवर रागावून बघितलं, जमेना. एकोणतीस तारखेलाच नकार कळवला. तुझं रजेचं पत्र त्यानंतर आलं हे लक्षात ठेव, नाहीतर तेही तू स्वतःच्या खात्यात टाकशील. परत आलेल्या तीनशेतून तुमच्यासाठी गादी घेतली आहे. हा घरांचा खर्च, तो तक्त्यात नीट मांड.

तू पत्राने राग आणलास, तसाच मी तो पत्रानेच सोडणार होते, पण समोर बोलल्याशिवाय तो पुरता जायचा नाही. तेवढा तू आल्यावर काढीन, मग मोकळी होईन. तुझी आठवण येत होती, रागातही येत होती.

एक गोष्ट राहिली. बाबांनी तुझ्या खोलीचं दार उतरवलं आणि चार दिवस बसून त्याला रंधा मारला. मला हात लावू दिला नाही, शिंप्यालाही नाही. मजुरी कोणी दिली नाही, कोणी घेतली नाही, म्हणजे तुझ्या पुस्तकाच्या हिशेबाने इथे काहीच घडलं नाही. पण दार आता लागतं. रोज संध्याकाळी बाबा ते एकदा लावून बघतात आणि मग उघडंच ठेवतात.

वाट बघतोय.
ताई