पाणी स्वच्छ येईपर्यंत

३ तारीख, सोमवार

दूध उतू जाऊ नये म्हणून मी गॅसपाशी उभी होते. एक डोळा दुधावर, एक हात भांडी विसळण्यात. हे खिडकीत बसून पेनात शाई भरत होते. भरून झाल्यावर त्यांनी निब धुतलेल्या टॉवेलला पुसली. हा निळा डाग आता तुम्ही काढणार का, असं मी विचारलं. तर म्हणाले, राहू दे वाचकबाई, तेवढीच माझी सही. मग पेन उजव्या कानामागे खोचून छापखान्यात गेले आणि दुपारी तिथूनच हे गेल्याचा निरोप आला. त्याला तीन वर्षं झाली. टॉवेल मी अजून वापरते.

आज हे आठवलं, कारण मला काम मिळालंय आणि तेही पेनांचंच. खूप दिवसांनी सकाळी घाईने केस विंचरले. बरं वाटलं.

दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचं घर. भिंतभर उथळ खण आणि त्यांत मखमलीवर झोपवलेली पेनं. बनवणाऱ्या कंपन्या कधीच बंद पडल्या, म्हणून ती भारी. मालक पेनाला हात लावताना पांढरे सुती मोजे घालतात. मी मनात त्यांचं नाव हातमोजे ठेवलं.

काम सोपं आहे. पेन येतं तेव्हा त्यात आधीच्या माणसाची शाई वाळलेली असते. ती रबरी पिचकारीने कोमट पाणी सोडून धुवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत. फार घट्ट झालेलं पेन निब खाली करून ग्लासात उभं ठेवायचं आणि रोज सकाळी पाणी बदलायचं. ग्लासांना नंबर आहेत.

बाई, लिहितावाचता येतं ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाचते भरपूर, लिहिते पेन्सिलीने. ते हसले. हसू देत. हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि वाया गेलेले कागद घरी आणायचे. त्यांवर मी आपली आपण वाचायला शिकले. गोष्टींना शेवटचं पान नसायचं. मग शेवट हे सांगायचे, निम्मे मनाने रचून.

ह्यांचं पेन मी बरोबर नेलं होतं. आतला दट्ट्या अडकलाय, शेवटची शाई तशीच आत आहे. ते पाहून हातमोजे खुर्चीतून उठलेच. हा हिरवट रंग एकच वर्ष निघाला म्हणे. विकता का, विचारलं. मी नाही म्हटलं. मग दुरुस्त तरी करून देतो म्हणाले, आधी भिजू द्या. मी माझ्या हाताने ते सात नंबरच्या ग्लासात उभं केलं. निबेपासून निळा धागा खाली उतरत गेला. बघायला छान वाटलं.

६ तारीख, गुरुवार

आज त्यांची मित्रमंडळी आली होती. पाच जण, पाचांची पोटं सारखी. एक जण टोपण लावून काढून त्याचा आवाज ऐकतो, दुसरा वास घेतो. निबेच्या टोकाबद्दल तासभर वाद. लिहीत मात्र कुणी नाही. शेवटी कुणालातरी पत्ता टिपून घ्यायचा होता, तर माझ्याकडे पेन्सिल मागितली. मी दिली, आणि परत मागून घेतली.

एका काचेच्या कपाटाला कुलूप आहे, त्याची किल्ली मोज्यांच्या खोक्यात. आत एकच काळं पेन. ते हातमोज्यांच्या आईचं आहे, ते धुवायचं नाही, त्यातली शाई तशीच राहायची, असं बजावलंय. घरभर लोकांची पेनं कोरी करायची आणि आपल्या आईचं तेवढं सांभाळायचं. मोठ्या माणसांची रीत.

सात नंबरचं पाणी बदललं. अजून निळंच येतंय. कागद तपासताना हे पेन डाव्या कानामागे खोचायचे, ते आठवलं.

८ तारीख, शनिवार

खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई आली. तिच्या भावाचं पेन विकायला. भाऊ जहाजावर होता, तिथेच गेला. दर पत्रात तो तिला ए चिमटे म्हणून हाक मारायचा, कारण लहानपणी ती चिमटे काढायची. सांगताना हसली आणि मग रडली. हातमोजे घड्याळ बघत होते. मी तिला पाणी दिलं आणि ती गेल्यावर पेन धुतलं. हिरवी शाई. पाणी स्वच्छ यायला तीन वाट्या लागल्या.

घरी एक अर्धवट गोष्ट काढून वाचली. शेवट आठवेना. मीच रचत असणार पूर्वी.

टॉवेलवर एक निळा डाग आहे. धोब्याने लावला वाटतं. उद्या बोलते त्याला.

११ तारीख, मंगळवार

शिंपिणीकडे ब्लाउज टाकायला गेले. बोलता बोलता भावाचा विषय काढला. ती म्हणाली, कोणता भाऊ, मी एकुलती एक. मी भिंतीकडे बोट दाखवलं, जहाजावरच्या माणसाच्या फोटोकडे. ती म्हणाली, तो होय, फ्रेमबरोबर आला असेल, काढायचा राहिलाय. आणि पट्टी मानेवर टाकून माझं माप घ्यायला लागली. मजेत होती. गुणगुणत होती.

मी तिला चिमटे म्हणून पाहिलं. तिने वर पाहिलं नाही.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. टॉवेलला निब ह्यांनी पुसली असं लिहिलंय. मला आठवत नाही. एकदा उजवा कान लिहिलाय, एकदा डावा. अक्षर दोन्हीकडे माझंच.

आठ दिवस रोज सकाळी मीच ते पाणी बदलतेय. मीच मोरीत ओततेय.

१२ तारीख, बुधवार

सकाळी धावत गेले. सात नंबर रिकामा.

पेन मखमलीवर होतं. निब लखलखीत. हातमोजे म्हणाले, दट्ट्या पहाटे सुटला, मग मीच धुतलं, तुम्हाला कशाला त्रास. माझं परत द्या म्हटलं. न्या की, म्हणाले, पण दोन दिवसांनी तुम्हीच आणून द्याल, सगळ्या आणून देतात. पेन कोरं झाल्याशिवाय माझं होत नाही. हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मी कपाटाकडे बोट दाखवलं. मग ते का नाही धुतलं, विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, त्यात माझी आई आहे, बाई.

म्हणजे ह्याला सगळं माहीत होतं. इतक्या बायकांना बसायला खुर्ची दिली, आणि माहीत होतं. हा माणूस मोजे घालतो ते पेनांना डाग पडू नये म्हणून नव्हे.

लिहून ठेवते. छापखाना — वाया गेलेले कागद — वाचकबाई म्हणायचे — का म्हणायचे — खिडकीत बसून — चष्मा होता का —

नाव लिहायला हवं. तीस वर्षं हे, हेच म्हणत आले. वहीत कुठेही नाव नाही. पहिलं अक्षर —

नाही येत.

राग अजून आहे. तो जायच्या आत लिहिते. उद्या त्याच्या आईचं पेन.

१३ तारीख, गुरुवार

सकाळी चहा घेताना वही वाचली. हे म्हणून कुणी गृहस्थ आहेत, गोष्टींचे शेवट सांगणारे. माणूस बरा वाटला. ह्याही गोष्टीला शेवटचं पान नाही.

पर्समध्ये एक हिरवट पेन निघालं. कामावर गेल्यावर मालकांना देऊन टाकलं. त्यांनी आभार मानले.

कालच्या पानाच्या तळाशी दोनदा रेघ मारलीय. उद्या त्याच्या आईचं पेन. कशासाठी, ते कळत नाही. पण सांगितलेलं काम मी अर्धवट सोडत नाही.

मालक आंघोळीला गेल्यावर मोज्यांच्या खोक्यातून किल्ली घेतली. काळं पेन काढलं, पिचकारीत कोमट पाणी भरलं आणि धुवायला घेतलं. पाणी आधी जांभळं आलं. मग फिकट. मग